पाच सालांचा करार

पिंपळटोला, ता. मूल
१४ मे २००१

प्रिय रीता,

प्रभूमध्ये सलाम. तू, आई आणि बाबा सगळे सुखरूप असाल अशी आशा करतो. मी बरा आहे. उन्हाचं काही विचारू नकोस. दुपारी कौलं तापली की घर कुठलं आणि चूल कुठली कळत नाही. विहिरीचं पाणी खाली गेलंय, दोरीला आणखी एक तुकडा जोडावा लागला. तुझी ठिपक्यांची कोंबडी उपासनेच्या खोलीत हार्मोनियमच्या खोक्यात अंड्यांवर बसली आहे. हाकलायला गेलो तर चोच मारते. त्यामुळे हार्मोनियम बाहेर उघड्यावर, आणि उंदरांनी भाता कुरतडला. गेले दोन रविवार आम्ही नुसत्या टाळ्यांवर गातो आहोत.

स्वयंपाक जमतो. म्हणजे भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो, मी मधला खातो.

गाव सध्या पहाटेच तेंदूपत्त्याला जातं. दुपारभर सावलीत बसून पुडके बांधतात, संध्याकाळी सगळे पेंगलेले. आपली सहा घरं आहेत, त्यातली तीन आली तरी मी रविवार चांगला गेला म्हणतो. परवा मूलला निघालो होतो तर बसच्या कंडक्टरनं विचारलं, "काऊन पास्टरजी, एकलेच?" मी म्हटलं, आमची मंडळी गडचिरोलीला गेली आहे. तर तो म्हणतो, "सारीच्या सारी? मंग चर्च बंद का जी?" त्याला ख्रिस्तमंडळी वाटली! तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. तूच म्हणायचीस ना, मी एकटी बाई, मला कसली मंडळी म्हणता, आणि ज्यांना मंडळी म्हणता त्या सहा घरांची कधी मोट बांधली जात नाही. कंडक्टरसमोर मीही हसलो. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.

इथे जो तो बाबांच्या डोळ्याची चौकशी करतो. मी सांगतो, ऑपरेशन लांबलं आहे, डॉक्टर उन्हाळ्यात मोतीबिंदू काढायला तयार नाहीत. गेल्या रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थनाही झाली.

सोमारीचं विचारशील, तर ती ठीक आहे. तिची सोनूही ठीक आहे. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही.

एक गंमत मात्र सांगतो. काल आपला मुखरूभाऊ आला होता. पावशेर झिंगे पळसाच्या पानात बांधून आणले होते. पाणी प्याला, कोंबडीची विचारपूस केली, आणि घसा खाकरून म्हणाला, "पास्टरजी, आपला करार जूनमंदी संपून राह्यला नं?"

मला वाटलं तळ्याचं विचारतोय. मच्छीमार सोसायटीनं तळं पाच सालांसाठी घेतलंय, त्याची मुदत जूनअखेर संपते हे मलाही माहीत होतं. मी म्हटलं, ते सोसायटीवाल्यांना विचारा.

"तसं नाई जी. तळ्याचा तं संपूनच राह्यला. मी आपल्यावाला म्हणतो. देवासंगचा."

तो समजावून सांगू लागला, जणू मीच नवा होतो. "आपण बाप्तिस्म्याले पान्यात उतरलो त्या साली तळ्याचा करार नवाच झाला होता. तुमी पाळीवर उभं राहून मनलं, हाही नवा करार हाय. दोन्ही संगच झाले. मंग संगच संपतीन नं?"

मला इतकं हसू आलं की पाण्याचा पेला लवंडला. पाच वर्षं मी दर रविवारी नवा करार, नवा करार म्हणतो आहे, आणि हा बाबा मनात सालं मोजत बसलाय! मी म्हटलं, मुखरूभाऊ, देवाचा करार संपत नसतो. तो म्हणाला, "असं का जी," आणि भिंतीकडे पाहत बसला. मग उठून गेला. झिंगे मात्र फार चांगले निघाले.

हे तुला लिहायचं म्हणून दिवसभर लक्षात ठेवलं होतं. दुसरं काही विशेष नाही. आईबाबांना सलाम.

तुझा,
शांतवन


पिंपळटोला
४ जून २००१

प्रिय रीता,

प्रभूमध्ये सलाम. तुझं उत्तर आलं नाही. टपालवाला सध्या इकडे आठवड्यातून एकदाच फिरकतो, त्यामुळे तसं असेल. कोंबडीची सात पिल्लं निघाली, एक घारीनं नेलं.

मागच्या पत्रात मुखरूभाऊची गंमत लिहिली होती. ती गंमत नव्हती.

त्यानं सहाही घरी जाऊन सांगितलं आहे की आपला करार या महिन्यात पुरा होतो. आणि रीता, त्यात कोणाचा कावा नाही, म्हणून तर मला राग कोणावर काढावा हे कळत नाही. या लोकांना पाच वर्षं नात्यागोत्यातल्या लग्नाला कोणी बोलावलं नाही. मुखरूभाऊच्या सख्ख्या भावानं पोरीच्या लग्नात त्याला मांडवाबाहेर बसवून जेवू घातलं. तरी एकही घर फुटलं नाही. मी समजत होतो की हा माझ्या शिकवणीचा परिणाम. तो कराराचा परिणाम होता. तळं घेतलं की मासे लागोत न लागोत, पाच वर्षं मध्येच सोडता येत नाही, तसं त्यांनी हे पाळलं. आता मुदत संपते आहे, तर ज्यांना जायचं त्यांना बिनपापाचं जाता यावं, एवढंच त्याचं म्हणणं. चार घरं जायचं म्हणतात. हात जोडून, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणतात.

काल रविवारी मी कराराशिवाय दुसरं काही बोललो नाही. नोहापासून सुरू केलं, अब्राहाम घेतला, सिनाय पर्वत घेतला. माणसानं मोडला तरी देवानं मोडला नाही, सांगून सांगून घसा बसला. शेवटी बाप्तिस्म्याच्या दिवशी दिलेलाच दाखला दिला, कारण त्यांना तोच कळतो. तुला आठवतो ना? त्या दिवशी करार म्हणजे काय ते कोणाला उमजेना, म्हणून मी मोठ्या जाळ्याचा दोर त्यांच्या हातात दिला होता. जाळं पाण्यात असेपर्यंत दोर सोडायचा नाही, पायात काटा घुसला तरी नाही. आणि घरी कोणी आजारी असेल तर त्याचा दुपट्टा दोराला बांधायचा, तो त्याचा हात, त्याचाही हिस्सा निघतो. मी म्हटलं होतं, मंडळी म्हणजे ही, आणि करार म्हणजे हा दोर. तेव्हा माझं मलाच किती कौतुक वाटलं होतं!

सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मुखरूभाऊ उभा राहिला. "तुमचं पटलं जी. दोर सुटत नाई. मंग सोमारीचा कसा सुटला?"

त्याच्या पोटची पोर आहे ती, त्याला विचारण्याचा हक्क आहे. पण आवाजात भांडण नव्हतं. त्याला खरोखर उत्तर हवं होतं. मी म्हटलं, ते वेगळं आहे. "कसं वेगळं?" मी म्हटलं, नंतर बोलू, आणि शेवटचं गीत सुरू केलं. एकट्यानंच म्हटलं.

तू तिथे होतीस. तरी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी काय झालं ते मला एकदा माझ्या हातानं लिहू दे, कारण गेले दोन महिने मी ते मनातसुद्धा नीट म्हटलेलं नाही. सोनूला फिट येत होत्या. तू तिला मूलच्या डॉक्टरकडे नेलंस, गोळ्या आणल्यास. सोमारीनं गोळ्या दिल्या आणि नाल्यापलीकडच्या पुजाऱ्याकडून काळ्या दोऱ्यातला ताईतही आणून पोरीच्या गळ्यात बांधला. प्रभुभोजनाच्या वेळी तो मला दिसला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, आधी तो काढ. ती म्हणाली, "काढतो जी. फिट थांबू द्या, मंग काढतो." मी भाकरीचं ताट तिच्यावरून पुढे नेलं. म्हटलं, जोवर हे गळ्यात तोवर तू मंडळीत नाहीस.

तू तिच्या शेजारी होतीस. पेला तुझ्या हातात आला होता. तू तो जमिनीवर ठेवलास, सोमारीचा दंड धरून तिला उठवलंस आणि दोघी बाहेर गेलात. मी काय केलं? पेला उचलला, काठ पुसला आणि पुढच्याच्या हातात दिला.

चुकीच्या देवाची भीती गळ्यात बांधून आपल्या मेजावर बसू नये, हे मला आजही बरोबर वाटतं. तू यावर काय म्हणशील ते माहीत आहे. तू म्हणशील, भीती तिची होती, ती घेऊन तिनं यायचं कुठे? तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही. मला एवढंच दिसत होतं की पाळकाची बायको पाळकाला भर उपासनेत टाकून उठली.

घरी आल्यावर जे झालं ते आज लिहवत नाही.

सोनूला त्यानंतर फिट आलेली नाही. गोळ्यांनी की कशानं, मी विचारत नाही. बाबांच्या डोळ्याची सगळे आठवण काढतात.

तुझा,
शांतवन


पिंपळटोला
१८ जून २००१

प्रिय रीता,

तुझं कार्ड मिळालं. त्यात एकच ओळ आहे. "बाबांचे दोन्ही डोळे उत्तम आहेत." खाली सहीसुद्धा नाही. टपालवाल्यानं देताना वाचलं असावं, कारण तो म्हणाला, "चला, बरं झालं बाप्पा."

ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं. मला माहीत होतं, तुला माहीत होतं, फक्त कागदावर आलं नव्हतं. बाबांना मोतीबिंदू नाही. त्या रात्री मी तुला म्हणालो, "जा मग तिच्याबरोबर." तू विचारलंस, "कुठे?" मी म्हटलं, "कुठेही जा." सकाळी तू ट्रंक भरलीस. मला वाटलं, मूलपर्यंत जाशील आणि परत येशील. आणि गावानं विचारलं तेव्हा तोंडातून डोळा निघून गेला. एकदा निघाल्यावर मग त्याला मोतीबिंदू, डॉक्टर, तारीख सगळं द्यावं लागलं. मी इतकं सफाईनं खोटं बोलू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

आता शनिवारचं ऐक. शनिवारी मोठं जाळं होतं. मुदत संपण्याआधीचं शेवटचं, म्हणून ढिवरांचं सगळं गाव तळ्याच्या बांधावर, पाळीवर जमलं होतं, आपली सहा घरं आणि बाकीचीही. तळ्यावर कोणी कोणाला मांडवाबाहेर बसवत नाही, हे दर साली बघून मला बरं वाटतं. मीही धोतर खोचून रांगेत उभा राहिलो. मुखरूभाऊ सगळ्यात पुढे. त्याची हाक होईपर्यंत कोणी दोराला हात लावत नाही.

हाक मारायच्या आधी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पास्टरीनबाईचा कपडा आना जी. त्यायचा हिस्सा काढाचा हाय."

तू दर साली पाळीवर बसून जाळ्यानं कापलेल्या हातांना औषध लावतेस, म्हणून तुझा हिस्सा असतो. मी विसरलो होतो. ते विसरले नव्हते. मी घरी गेलो आणि खुंटीवरचा तुझा निळा रुमाल घेऊन आलो, उन्हात डोक्याला बांधायचीस तो. वाटेत मनाशी म्हणत होतो, एक रुमाल तर बांधायचा आहे.

पण कपडा बांधताना ते विचारतात, हे माझ्या ध्यानात नव्हतं. घरच्या माणसाला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. मुखरूभाऊनं रुमाल हातात धरला आणि मोठ्यानं विचारलं, "काय दुखनं हाय?"

घरच्या माणसानं दुखणं सांगायचं, मग गाठ मारायची. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. दोन महिने मीच ते सांगत होतो. नुसतं 'डोळा' म्हणायचं होतं. कार्ड छातीशी होतं. रीता, मी खिशावर हात ठेवला.

मग म्हटलं, "दुखणं नाही. सासऱ्यांचा डोळा चांगला आहे. मी खोटं बोललो."

मागून कोणीतरी म्हणालं, मग बाईंनी दोर सोडला, सोडणाऱ्याचा कपडा बांधत नाहीत. ते खरं आहे, रीत तशीच आहे. मुखरूभाऊनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो मला म्हणाला, "पास्टरजी, त्यायनं सोडला का कोनं सोडवला?"

"मी सोडवला," मी म्हटलं. "मी तिला जा म्हणालो."

त्यानं मान हलवली. तुझा रुमाल दोराला बांधला, दोन गाठी मारून, ओढून बघितल्या. आणि मला म्हणाला, "मंग तुमी पाळीवर बसा." जो दुसऱ्याचा हात दोरावरून काढतो, त्याला त्या दिवशी दोर नाही आणि हिस्साही नाही. मी पाच वर्षं त्या दोरावर प्रवचन केलं आणि हा नियम मला माहीत नव्हता.

मी पाळीवर जाऊन बसलो. पोरं लागली ओरडायला, "पाळक पाळीवर! पाळक पाळीवर!" खाली पन्नास-साठ माणसं एका दमात ओढत होती, मधोमध तुझा निळा रुमाल पाण्यावर येत-जात होता, आणि मी धडधाकट माणूस हात मांडीवर ठेवून बसलेला. आधी राग आला. चक्क मुखरूभाऊचा राग आला, की याला वाचता येत नाही, याला मी बाप्तिस्मा दिला, आणि हा मला बसवतो. मग राग ओसरला आणि लाज राहिली. उठून घरी जावं असंही वाटलं. पण गेलो असतो तर कायमचाच गेलो असतो, एवढं समजत होतं.

ऊन चढल्यावर सोमारी पाण्याचा गडू घेऊन वर आली. सोनू तिच्या काखेत, गळ्यात ताईत. गडू माझ्याजवळ ठेवून ती हातभर लांब बसली. सोनूला तिनं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "पह्यल्या दिवशी लई लागते जी. मंग सवय होते."

टोमणा नव्हता गं. ती मला धीर देत होती. तिला दोन महिन्यांचा अनुभव होता.

मी म्हटलं, "सोमारी, माझं चुकलं." ती म्हणाली, "माह्यापाशी एकटीपाशी कायले मनता? सगळ्यायसमोर काढलं, सगळ्यायसमोर बोला." आणि पोरीला घेऊन खाली गेली.

संध्याकाळी हिस्से लागले. मुखरूभाऊ तुझं टोपलं घेऊन माझ्याकडे आला. दोन रोहू आणि बाकी बारीक मासळी, वर ओला रुमाल पिळून ठेवलेला. म्हणाला, "हा बाईचा. तुमचा नाई." मी म्हटलं, हो. तो दोन पावलं गेला आणि वळला. "उद्या छोटं जाळं हाय. दोर धराले या. पाळीवर एकच दिवस बसाचं असते."

एकच दिवस! सोमारीला मी दिवस सांगितलाच नव्हता. तुलाही नाही.

तुझा हिस्सा मी खाल्लेला नाही. रोहू टिकणार नव्हते, ते सोमारीकडे दिले, तू असतीस तर तेच केलं असतंस. बाकीची मासळी मीठ लावून छपरावर वाळत घातली आहे आणि दिवसभर कावळे हाकलतो.

शांतवन


पिंपळटोला
२ जुलै २००१

प्रिय रीता,

शनिवारी तळ्याचा करार पुन्हा पाच सालांसाठी झाला. सोसायटीनं पेढे वाटले. काल रविवार होता. आपला काय होतो ते बघायला मी सकाळपासून दाराशी उभा होतो.

तीन घरं आली. मुखरूभाऊ आला, पण आत आला नाही, उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "मी अजून करार नाई केला. पाहाले आलो." सोमारी सोनूला घेऊन अंगणातच उभी होती, मी बोलावण्याची वाट बघत होती.

मी पुढे उभा न राहता खाली बसलो. सगळ्यांसमोर बोललो. ताट तिच्यावरून पुढे नेलं ते माझं चुकलं म्हटलं, ती माफ करो न करो, तिचा दोर सुटलेला नाही म्हटलं. ताईताबद्दल मला काय वाटतं तेही सांगितलं, लपवलं नाही. पण त्याची बोलणी मेजावर बसून होतील, मेजाबाहेर काढून नाही. मग तुझ्याबद्दल बोललो. लग्न लावताना मी दर वेळी सांगतो की मंडळी ही ख्रिस्ताची वधू, आणि नवऱ्यानं बायकोला तसं जपावं. हे सांगत फिरणाऱ्यानं स्वतःच्या बायकोला कुठेही जा म्हटलं, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायला हवं होतं. बायका खाली बघत होत्या. मी पुरं बोललो.

सोमारी आत आली. मी भाकर मोडली आणि ताट सगळ्यात आधी तिच्यापुढे धरलं. मनुका रात्रभर भिजवून पेल्यात तुझ्यासारखाच रस केला होता, जरा पातळ झाला.

तिनं भाकरीला हात लावला नाही. म्हणाली, "बाई माह्यासाठी उठल्या जी. त्या बसल्याबिगर मी नाई खात."

मी ताट तिच्या शेजारणीपुढे धरलं. तिनंही मान हलवली. मग एकेक करून सगळ्यांनी. उंबऱ्यावरून मुखरूभाऊ म्हणाला, "बराबर हाय. एक हात सुटला असताना जाळं कसं ओढाचं?" आणि पहिल्यांदा तो आत सरकून बसला. रीता, पाच वर्षं मी यांना मंडळी म्हणत आलो, आणि काल ती माझ्या डोळ्यांसमोर झाली. झाली ती मला जेवायला नकार देऊन.

मग कोणीच घेतलं नाही, मीसुद्धा नाही. भाकर फडक्यात बांधली. पेला तसाच भरलेला मेजावर राहिला. नंतर सगळे अंगणात बोलत असताना मी आत गेलो, तर सोनू मेजाला टेकून उभी, पेला दोन्ही हातांत, तळाशी राहिलेला शेवटचा घोट घेत होती. ओठावर मनुकेचं साल. ताईत पेल्यावर आपटून टकटक वाजत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलंच नाही असं करून बाहेर आलो, आणि भिंतीला टेकून रडलो. का ते तुला समोर सांगेन, तू ऐकणार असशील तर.

पुढच्या रविवारी मी पुन्हा भाकर मांडीन, पण तू येईपर्यंत कोणी घेणार नाही, असं त्यांनी ठरवलं आहे. हे मी तुला ओढून आणण्यासाठी लिहीत नाही. सोमारी म्हणाली, "लिहा," म्हणून लिहिलं. तुला यायचं नसेल तर तेही त्यांना मी सगळ्यांसमोर सांगेन, डोळ्याबिळ्याची सबब न देता.

माझ्यापुरतं एवढंच. मी तुला जा म्हणालो होतो. तो शब्द परत घेतो. येत्या शनिवारी मी वाळलेली मासळी आणि तुझा रुमाल घेऊन गडचिरोलीला येतो आहे. तुमच्या बाहेरच्या ओट्यावर बसेन. तू आत बोलावेपर्यंत आत येणार नाही. मुखरूभाऊच्या रीतीप्रमाणे एकच दिवस बसायचं असतं, पण तुझी रीत निराळी असली तर मी तीही मानेन. बाबांना आधी सांगून ठेव, नाहीतर त्यांच्या उत्तम डोळ्यांना मी रस्त्यावरूनच दिसेन आणि ते ओरडा करतील.

आजवर मी तुला मंडळी म्हणायचो. आज उलट लिहितो.

वाट पाहणारी,
तुझी मंडळी
(आणि तिच्यात सगळ्यात शेवटी बसलेला शांतवन)